बाळाच्या खोलीला काउबॉय थाट: रँच, वाळवंट की रोडिओ?

बाळाच्या खोलीला वेस्टर्न थाट द्यायचं नक्की झालं, की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: यातलं नेमकं कोणतं वेस्टर्न? एकाच नावाखाली तीन निराळ्या खोल्या दाखवल्या जातात. पहिली जुन्या रँचची, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या वाडीची: खरबरीत लाकूड, चामडं, डेनिम, लोखंडी खुंट्या, गुरांच्या कळपांचे कृष्णधवल फोटो. दुसरी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटाची: माती आणि गेरूचे रंग, निवडुंग, सपाट माथ्याचे डोंगर, विणकामातली कोनाकोनांची नक्षी. तिसरी रोडिओची, म्हणजे काउबॉयांच्या कसबाच्या खेळांची: लाल बँडाना (गळ्यात बांधायचा छापील रुमाल), चांदण्या, घोड्याचे नाल, हॅट घातलेली गोंडस जनावरं. तिन्हींतलं थोडं थोडं उचललं तर खोली नुसतीच गजबजते, म्हणून एक निवडावी लागते.

निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: थाटाचा किती भाग भिंतीवर राहतो आणि किती भाग बाळाच्या हाताशी येतो. काउबॉयचं सामान म्हणजे दोर, खोगीर, रिकीब, बुटांचे स्पर (घोड्याला टोचायच्या टाचेच्या आऱ्या), शिंगं, कातडी. मोठ्या माणसांनी उघड्या माळावर वापरायचं, जड आणि टणक. बाळाच्या झोपण्याच्या जागेचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: बाळाला उताणं झोपवायचं, गादी सपाट आणि घट्ट हवी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि पाळण्यात दुसरं काहीही नको. उशी नको, गोधडी नको, कडेच्या मऊ गाद्या नकोत, खेळणी नकोत. म्हणजे खोलीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूला सजवायला तुमच्या हातात एक चादर आणि लाकडाचा रंग, एवढंच उरतं. थीमचा बाकी सगळा भार भिंती, पडदे आणि जमिनीने उचलायचा. तिन्ही पर्यायांतला खरा फरक इथेच कळतो.

रोडिओ: मिळायला सोपा, टिकायला अवघड

हा थाट बहुतेकदा तयार संचात मिळतो. गोधडी, उशी, पाळण्याच्या कठड्याला बांधायची मऊ गादी, चादर, पडदा, वर फिरणारी खेळणी, सगळ्यांवर एकच छापील नमुना. संच उघडून पाहिला तर पहिल्या वर्षात पाळण्यात वापरता येईल अशी वस्तू एकच, ती म्हणजे चादर. कठड्याच्या मऊ गाद्यांवर तर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने विक्रीबंदीच आली, कारण त्यात बाळाचं नाक-तोंड दाबलं जाऊन श्वास कोंडू शकतो. म्हणून रोडिओचा संच घेण्याच्या मी विरोधात आहे. चादर सुटी घ्या, पडदा सुटा घ्या, बाकीचं सोडून द्या.

सुट्या वस्तूंत मात्र या थाटाची मजा आहे. बँडानाचं कापड हातात घेऊन बघा: लाल जमिनीवर पांढऱ्या कोयऱ्या, कडेने ठिपक्यांची बारीक ओळ, आणि मधला चौकोन बहुतेकदा जरा मोकळा. एका खिडकीला हा पडदा पुरे होतो, उरलेल्या भिंती पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या ठेवल्या तर तो उठून दिसतो. चारही भिंतींवर लाल आला, तर रात्री तीनदा उठणाऱ्या आईबाबांना ती खोली नकोशी होईल. गाईच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चादर मला विशेष आवडते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं आणि ठळक काळा-पांढरा फरक त्याला लवकर कळतो. रंगांची चांगली ओळख व्हायला पाचेक महिने जातात. तेव्हा सुरुवातीच्या काळात त्या ठिपक्यांइतकं दुसरं काही त्याच्या नजरेत भरणार नाही.

अडचण पुढे येते. हॅट घातलेला गोंडस बैल दोन वर्षांपर्यंत छान वाटतो. तिसऱ्या वर्षी मूल स्वतःची आवड सांगू लागतं, आणि मग अख्खी खोली बदलावी लागते. दरवर्षी थोडं थोडं बदलायला आवडत असेल आणि भिंतीवर निघणारे स्टिकरच लावणार असाल, तर रोडिओ चालेल. वॉलपेपर लावून कायमचं करण्याजोगा हा थाट नाही.

रँच: सगळ्यात देखणा, आणि सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून करायचा

तिन्हींत मनापासून आवडावा असा हाच. यामागे खरं जगणं आहे. टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत गुरांचे कळप हाकत नेण्याचा काळ तसा छोटाच, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १८८० च्या दशकापर्यंत. चिशम ट्रेल या वाटेवरून कळप १८६७ पासून कॅन्ससमधल्या ॲबिलीनला जाऊ लागले. जॉन स्टेटसनची रुंद काठाची हॅट १८६५ मधली, आणि तांब्याच्या रिव्हेटने मजबूत केलेल्या पँटचं पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी मिळालं. खोगीर, दोर टाकण्याची पद्धत, गुरं वळवण्याचं कसब हे मेक्सिकोतल्या वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून, आलं. काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन घोडेस्वार मोठ्या संख्येने होते. भिंतीवर जुने फोटो लावणार असाल तर हेही चेहरे शोधून लावा. मुलाला पुढे त्याच फोटोंवरून गोष्टी सांगता येतील, आणि त्या खऱ्या असतील.

आता सामान. रँचच्या खोलीचा जीव जुन्या लाकडात असतो, आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच. पडक्या कोठारातली फळी जवळून बघा: खिळ्यांची गंजलेली भोकं, उन्हाने उभी राहिलेली रेष, कोपऱ्यात रंगाची खपली. त्या खपलीवर बोट फिरवलं तर भुकटी हाताला लागते. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगवलेल्या लाकडात शिसं असू शकतं, आणि शिशाची थोडीशी धूळही बाळाच्या मेंदूला घातक ठरते. असं लाकूड घरी घासून काढणं तर आणखी वाईट, कारण धूळ सगळीकडे पसरते. नवी पाइनची फळी घ्या, कडा गोल करून घ्या, राखाडी-तपकिरी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावा. दोन हात अंतरावरून फरक कळत नाही.

जुना पाळणा वापरायचा मोह याच थाटात जास्त होतो. तो टाळा. गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, नाहीतर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. एक बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकता येत नाहीत. अक्रोडाच्या रंगाचा साधा, आजच्या नियमांनुसार बनवलेला पाळणा रँचच्या खोलीत उत्तम बसतो.

दोराबद्दल मी फार ठाम आहे. फास घातलेला लॅसो, म्हणजे गुरं पकडायचा दोर, पाळण्यावरच्या भिंतीवर टांगलेला बऱ्याच फोटोंत दिसतो. बाळ उभं राहायला लागलं की हात तिथे पोहोचतो. बेबी मॉनिटरची वायर पाळण्यापासून किमान ९० सेंटिमीटर लांब ठेवावी असं सांगितलं जातं. दोर तर त्याहूनही लांब, समोरच्या भिंतीवर, उंचावर आणि पक्का ठोकलेला असावा. दोराची अक्षरं करून बाळाचं नाव लिहिणार असाल तर फळीवर चिकटवून घ्या, सुटं टोक राहू देऊ नका. शिंगं, गाडीचं चाक, नालांची माळ यांनाही हाच नियम: पाळण्याच्या आणि कपडे बदलण्याच्या टेबलाच्या वर काहीही जड नको. गाडीच्या चाकाचा दिवा हवाच असेल तर खोलीच्या मध्यावर, छताच्या तुळईला घट्ट बसवून घ्या.

चामड्याची खुर्ची की कापडाची, हा प्रश्न इथे येतोच. चामडं पुसलं की स्वच्छ होतं. दूध सांडणार हे धरून चाला, तेव्हा हा मोठा फायदा. पण थंडीत ते गार लागतं आणि गरमीत अंगाला चिकटतं. मी चामड्याची खुर्ची घेऊन तिच्यावर धुता येईल असं सुती कापड टाकेन. खुर्ची कोणतीही असो, बाळाला मांडीवर घेऊन तिच्यातच डोळा लागणं धोक्याचं, म्हणून झोप अनावर झाली की बाळाला आधी पाळण्यात ठेवायचं.

वाळवंट: रंगांवर उभा राहणारा

हा थाट वस्तूंवर कमी आणि रंगावर जास्त अवलंबून असतो, म्हणून बाळाच्या खोलीला सगळ्यात सोयीचा. फिकट गेरू, वाळूचा पिवळट रंग, सेज या झुडपाच्या पानांचा राखाडी हिरवा, संध्याकाळचा गुलाबी. भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागात गडद रंग आणि वर फिकट, मधली रेघ डोंगरांच्या माथ्यांसारखी खालीवर काढली, की अर्धी खोली तयार. हाताला लागण्यासारखं काहीच नाही. मूल पाच वर्षांचं झालं तरी हे रंग बाळबोध वाटत नाहीत, आणि मुलगा-मुलगी हा प्रश्नही उरत नाही.

चित्रं निवडताना एक बारकावा सांगते. हात वर केलेला उंच निवडुंग, सग्वारो, हा सोनोरन वाळवंटातलाच: ॲरिझोना, मेक्सिकोतला सोनोरा, आणि कॅलिफोर्नियाच्या कडेला थोडासा. टेक्सासमध्ये तो आपणहून उगवत नाही. लांब शिंगांचा टेक्सासचा बैल आणि मागे सग्वारो असं चित्र दिसायला छान असलं तरी दोन वेगळ्या मुलखांची सरमिसळ आहे. टेक्सासच हवं असेल तर निळ्या ब्लूबॉनेटच्या फुलांचं चित्र लावा. ते १९०१ पासून त्या राज्याचं फूल आहे. निवडुंग चित्रातच ठेवा, कुंडीतला खरा निवडुंग बाळाच्या खोलीत आणू नका.

विणकामाच्या नक्षीत मात्र जास्त काळजी हवी. ही नक्षी डिने, म्हणजे नॅव्हाहो, विणकरांची परंपरा आहे. मूळ अमेरिकन कारागिराने बनवलंय असं खोटं सांगून माल विकणं १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टप्रमाणे गुन्हा आहे. नाव वापरून विकलेली छापील नक्कल घेण्यापेक्षा एखादा लहान, खरा, विणकराच्या नावासह मिळणारा तुकडा घेऊन भिंतीवर लावणं मला जास्त योग्य वाटतं. ते जमत नसेल तर साध्या पट्ट्यांचं कापड घ्या, त्यात काही कमी होत नाही. पिसांचा मुकुट मात्र कोणत्याच थाटात नको. मैदानी प्रदेशातल्या जमातींत तो मान मिळवून धारण करायची गोष्ट आहे, ती सजावट नव्हे. पिस्तुलं आणि फाशीच्या दोराची चित्रंही मी तिन्ही खोल्यांतून बाहेर ठेवेन.

वाळवंटाची एक उणीव कबूल करायला हवी: नुसते रंग लावले तर खोली निवांत दिसते, पण काउबॉय दिसत नाही. त्यासाठी रँचच्या दोन-तीन वस्तू उसन्या घ्याव्या लागतात. उंच खुंटीवर एक छोटी हॅट, एक घोड्याचा फोटो, डेनिमचा पडदा. एवढं पुरतं.

जमिनीवर काय

गाईचं कातडं चटकन पुसता येतं आणि दिसायला दुसऱ्या कशातही ती बात नाही, पण मशीनमध्ये धुता येत नाही, हलक्या प्रतीचं असेल तर केस गळतात, आणि गुळगुळीत फरशीवर खाली न सरकणारी जाळी टाकली नाही तर बाळाला कडेवर घेतलेलं माणूस घसरू शकतं. ज्यूटचा गालिचा फोटोत सुंदर, रांगणाऱ्या गुडघ्यांना बोचरा. पट्ट्यापट्ट्यांची सुती सतरंजी धुवायला सोपी, रांगायला बरी, आणि तिन्ही थाटांत खपून जाते. मी तीच घेईन. मेंढीची केसाळ कातडी आईबाबांच्या पायाखाली ठीक, झोपलेल्या बाळाखाली कधीही नको.

माझा कौल

माझं मत वाळवंटाच्या भिंती आणि रँचच्या मोजक्या वस्तू या जोडीला. भाड्याच्या घरात रंग लावता येत नसेल तर रोडिओची चादर, बँडानाचा एक पडदा आणि निघणारे स्टिकर घ्या. हातात सुतारकाम असेल, वेळ असेल आणि खोली मोठी असेल, तर पूर्ण रँच करा, पण वरच्या सगळ्या अटी पाळूनच, कारण गडद लाकूड लहान खोलीला आणखी लहान करतं.

घाई करू नका, हे मात्र नक्की सांगेन. बाळाने निदान पहिले सहा महिने आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या पाळण्यात झोपावं असा अकॅडमीचा सल्ला आहे. म्हणजे बाळ येण्याआधी भिंती, खुर्ची आणि कपड्यांची सोय एवढंच झालं तरी भागतं. रंग कमी वासाचा, कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) घ्या आणि काही आठवडे आधी लावून खिडक्या उघड्या ठेवा. पाळण्यावर टांगलेली घोड्यांची खेळणी बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं की उतरवायची. खिडकीला दोरीचे पडदे नकोत. रॉकिंग घोड्यावर लिहिलेलं वय झाल्याशिवाय त्याला बसवायचं नाही. आणि ड्रॉवरचं कपाट पहिल्याच दिवशी पट्टी मारून भिंतीला पक्कं करा. मूल त्या ड्रॉवरांवर पाय देऊन चढायला लागेल तेव्हा ते आधी सांगणार नाही.