मार्चमधला एक रविवार: धुपदाळ की कारवार?

मार्चमध्ये पक्षी बघायला एकच रविवार मिळतोय, तर धुपदाळचा जलाशय गाठावा की कारवारचा समुद्रकिनारा? बेळगावातून हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. माझं उत्तर महिन्याच्या कोणत्या टोकाला विचारताय त्यावर बदलतं.

धुपदाळ सोपं. साठ-पासष्ट किलोमीटर अंतर, आणि मिरज मार्गावरचं घटप्रभा स्टेशन जवळच. ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यामागे पाणी उथळ पसरतं; १९७४ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. चित्रबलाक, चमचा, शेकाट्या हे पाणपक्षी साध्या ८×४२ दुर्बिणीतूनही पोटभर दिसतात. लहान मुलं किंवा आईवडील सोबत असतील तर दुसरा विचारच करू नका. परतताना गोकाकचा करदंट घेता येतो, तोही हिशेबात धराच. पण ज्यांच्यासाठी धुपदाळचं नाव आहे ते कांड्या करकोचे (डेमॉइसेल क्रेन) थंडीचे पाहुणे. फेब्रुवारीत त्यांचा थवा उतरताना ऐकला की अंगावर काटा येतो. मार्च सरता सरता ते मध्य आशियाच्या वाटेला लागतात, थापट्या आणि तलवार बदकंही पांगतात. मग उरतात नदी सुरय पक्षी, ऐन विणीच्या तयारीतले. शिवाय नऊनंतर उन्हाची झळ पाण्यावर थरथरते आणि दुर्बिणीत सगळं वितळल्यासारखं दिसतं.

कारवारचं नेमकं उलट. खानापूर, रामनगर, जोयडा करत निदान चार तास, म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसात जीव मेटाकुटीला येतो. पक्षी लांब असतात, म्हणून तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लागते. तरीही वसंतात मी तिकडेच जाईन. कारण हिवाळाभर राखाडी दिसणारे चिखल्या पक्षी आता छातीवर नारिंगी पट्टा चढवतात. थंडीत डोळ्यामागे नुसता ठिपका असलेल्या कुरवाचं (सीगलचं) अख्खं डोकं कॉफीच्या रंगाचं होतं. हे पक्षी हिमालयापलीकडच्या पठारांकडे निघालेत आणि जाण्याआधी नटतायत. हे दृश्य थोड्याच आठवड्यांचं. वर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालताना दिसला, तर चार तासांचा शीण तिथेच उतरतो.

मात्र किनाऱ्यावर सुट्टीपेक्षा तिथी महत्त्वाची. ओहोटीला पक्षी दूर चिखलात विखुरतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे रेटत आणतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, आणि इकडे त्या दिवशी पूर्ण भरती साधारण अकराच्या सुमारास येते. म्हणजे पहाटेपासून पाणी चढतंय आणि पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून बसलेल्या तुमच्या पाठीशी सूर्य आहे. संध्याकाळी हाच सूर्य डोळ्यांत येतो आणि पक्षी नुसते काळे ठिपके उरतात. पुढच्या दिवशी भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा तिथीच्या दोन दिवस पुढे-मागे चालतं.

म्हणून होळीच्या आधी वेळ मिळाला तर धुपदाळ. होळीची पौर्णिमा किंवा पाडव्याआधीची अमावास्या रविवारच्या आसपास येत असेल तर कारवार. शनिवारी दुपारीच निघा, कारण जोयड्याकडचा जंगलरस्ता रात्री नको. तिथेच मुक्काम करा आणि साडेसहाला काळी नदीच्या मुखाशी वाळूवर बसा. थव्यात शिरू नका. लांबच्या प्रवासासाठी ते अंगात चरबी साठवतायत. प्रत्येक उडवण्यात ती थोडी खर्च होते.