मेटफॉर्मिननंतर काय: ग्लिफ्लोझिनची गोळी की सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन?

टाइप २ मधुमेहात मेटफॉर्मिन घेऊनही साखर चढीच राहिली की डॉक्टर हल्ली दोन पर्याय समोर ठेवतात: डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची रोजची गोळी, नाहीतर सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन. पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) कशाने जास्त उतरेल? साधारणपणे इंजेक्शनने. पण तेवढ्यावर निवड करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी हृदय आणि किडनीची अवस्था बघायला हवी.

हार्ट फेल्युअर असेल, पायांवर सूज आणि चालताना धाप असेल, तर गोळीच. २०१९ च्या डापा-एचएफ अभ्यासात हार्ट फेल्युअर बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे एकत्रित प्रमाण २६ टक्क्यांनी घटलं. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला. लघवीतून प्रथिनं जात असतील तरी मी आधी गोळीचाच विचार करेन. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, थोडा घसरतो आणि रिपोर्ट बघून लोक घाबरून गोळी सोडतात. किडनीतल्या गाळण्यांवरचा जादा दाब उतरल्यामुळे हे होतं. थोडी घसरण अपेक्षितच असते. जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा, परस्पर गोळी बंद करू नका.

वजन बरंच जास्त असेल, किंवा हार्ट अटॅक, स्ट्रोक होऊन गेला असेल, तर पारडं इंजेक्शनकडे झुकतं. २०२३ च्या सिलेक्ट अभ्यासात वजन जास्त आणि आधीपासून हृदयरोग, पण मधुमेह नाही, असे १७,६०४ जण होते. त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. किडनीच्या बाबतीतही २०२४ च्या फ्लो अभ्यासाने इंजेक्शनची बाजू भक्कम केली आहे. पण औषध थांबवलं की उतरलेलं वजन बऱ्याच अंशी परत येतं, हे सुरुवातीलाच सांगायला हवं.

त्रास दोन्हींचे वेगळे. गोळीने जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाब, उपास किंवा ऑपरेशनच्या वेळी ती डॉक्टरांना विचारून थांबवावी, कारण साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर त्रास, होऊ शकतो. इंजेक्शनने मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होते; म्हणून डोस हळूहळू वाढवतात. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर ते टाळतात. आणि डोळ्यांत रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला झालेली इजा) असेल, तर साखर झपाट्याने उतरल्यावर ती काही काळ बळावू शकते. पहिल्या डोसआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.