जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम घेताय? मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारा मुख्य डबा, हातातून सोडू नका. माझे ५५,७०० रुपये गेले

आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत धीर होणार नाही. ॲडव्हान्स ५,०००. रोख ३०,०००. जागेवर फोनवरून १७,५००. छोटा हत्तीचं भाडं २,८००. शहापुरातल्या रिपेअरवाल्याचे ४००. एकूण ५५,७०० रुपये. यातले रोख तीस हजार बायकोच्या भिशीचे होते, आणि ती अजून मला एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. बावीस वर्षं झाली. संध्याकाळी आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रात वाजवतो. गणपती, हळदी, गावाकडच्या यात्रा. माझ्याकडे रोलँडचा जुना एसपीडी-२० ऑक्टापॅड (काठीनं वाजवायचा आठ पॅडचा डबा) आहे, त्याचे दोन पॅड आता मार लागल्याशिवाय बोलत नाहीत. हे सांगतोय अशासाठी की मी नवखा नाही. 'माहिती नसताना कशाला घ्यायला गेलास' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पुढचं वाचावं.

मुलगा तेरा वर्षांचा. त्याला पायाचं काम शिकायचंय, किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि हायहॅट (पेडलची झांज). ऑक्टापॅडवर ते नीट होत नाही. अनगोळात आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे, साधा ड्रमसेट आणला तर शेजारची आजी दुसऱ्या दिवशी दारात. म्हणून हेडफोन लावून वाजवता येईल असा इलेक्ट्रॉनिक किट हवा होता. नवा आवाक्याबाहेर. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर रोलँड टीडी-०७ दिसला, किंमत ५८,०००. फोटोत मागे हिरवा पडदा, सगळे मेश (जाळीचे) पॅड स्वच्छ, फक्त डावीकडच्या टॉमच्या (छोट्या ड्रमच्या) कडेला पांढरी चिकटपट्टी.

फोन केला. माणूस गोड बोलणारा. पट्टीचं मी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं, "दादा, खोटं बोलणार न्हाई, त्या टॉमच्या रिमला चीर हाय. वाजायला कायबी फरक न्हाई, खरं तुम्हाला आधी सांगतो." बारीक खोट आपणहून सांगणारा माणूस बघितला की आपण बाकीचं तपासायचं सोडतो. माझं तेच झालं. ५२,५०० ला सौदा ठरला. दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणाला, म्हणून पाच हजार पाठवले. खात्यावर बाईचं नाव आलं. "वहिनीचं अकाउंट हाय, माझं लिंक न्हाई." ही पहिली गोष्ट. ज्याच्याशी बोलताय त्याच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया पाठवू नका, वहिनी असो की आई असो.

रविवारी आमच्या गल्लीतल्या मामांचा छोटा हत्ती घेतला आणि निघालो. काकती, हत्तरगीचा टोल, संकेश्वर, तिथून आत वळलं की थोड्याच वेळात महाराष्ट्र. गावाचं नाव लिहीत नाही, गावानं माझं काही वाईट केलेलं नाही.

घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. एका बाईनं पाणी दिलं, चहा टाकला. देव्हाऱ्यात दिवा होता. किट जोडून ठेवलेला. मी बसलो आणि वीस मिनिटं वाजवला. स्नेअर मधे, रिमवर, हळू, जोरात. टॉम चारी बाजूंनी. क्रॅश झांजेची कड पकडून आवाज तुटतो का बघितलं, तुटत होता. हायहॅटचा पेडल अर्धा दाबून बघितला. हेडफोन माझे स्वतःचे नेले होते. मॉड्यूल बंद करून परत चालू केलं. सगळं खणखणीत. मुलानंही वाजवला, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी पैसे मोजून दिले आणि साडेसतरा हजार फोनवरून टाकले, परत वहिनीच्याच खात्यावर.

चुकलो ते इथून पुढे. तपासून झालं, आता काय राहिलं, असं डोक्यात बसलं होतं.

टीडी-०७ च्या सगळ्या पॅडच्या वायरी मॉड्यूलला एकाच रुंद कनेक्टरनं जातात. जुन्या प्रिंटरच्या केबलला असायचा तसा, दोन्ही बाजूंना हातानं फिरवायचे स्क्रू. मी ते स्क्रू सोडवायला हात घातला तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे दादा, त्याच्या पिना वाकत्यात, मी काढतो. तुम्ही चहा घ्या." त्यानं काढलं, मॉड्यूल उचललं आणि "बबल रॅप लावून आणतो" म्हणत आतल्या खोलीत गेला. मी आणि मामा रॅकचे पाइप सोडवत होतो. मुलगा पॅड गोणपाटात गुंडाळत होता. चार-पाच मिनिटं झाली असतील. तो बाहेर आला तेव्हा मॉड्यूल बबल रॅपमध्ये, वरून खाकी टेपचे आठ-दहा वेढे.

ते त्यानं माझ्या हातात दिलं, आणि ते एका बाजूला जड होतं.

हे मी रोज रात्री आठवतो. बावीस वर्षं हातात लोखंड तोलतोय. चकमध्ये जॉब जरासा आऊट असला तर मीटर लावायच्या आधी माझ्या हाताला कळतं. त्या दिवशीही कळलं. डावी बाजू खाली ओढत होती आणि आत काहीतरी बारीक खुळखुळलं. मी थबकलो. त्यानं ते बघितलं आणि लगेच म्हणाला, "अडॅप्टरबी त्यातच टाकलाय." मी मान हलवली. टेप फाडून बघावं असं मनात आलं होतं, खरं सांगतो. पण त्याची बाई दारात उभी होती, चहा प्यायलो होतो, आणि त्याच्यासमोर टेप फाडणं म्हणजे तोंडावर चोर म्हटल्यासारखं वाटलं. संकोच केला. त्या संकोचाची किंमत ५२,५०० रुपये.

निघताना त्यानं काय म्हटलं तेही लिहितो. "तुम्ही बेळगावची माणसं. तिकडं तुमच्यावर अन्याय हुतोय, आन् आम्ही तुम्हाला फसवणार व्हय?" माझे वडील सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांना जायचे. १९५६ पासूनचं हे दुखणं आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बोललं जातं. ते दुखणं त्यानं वापरलं. पैशापेक्षा हे जास्त लागलंय.

रात्री साडेनऊला घरी पोचलो. मुलानं जेवायच्या आधी किट जोडला. बटण दाबलं, लाइट नाही. अडॅप्टर खराब असेल म्हणून मित्राकडून त्याच मापाचा आणला, तरी नाही. फोन लावला, बंद. सकाळी शहापुरातल्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं मागचं झाकण काढलं आणि काही न बोलता माझ्याकडे फिरवलं. आत बोर्डच नव्हता. शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा एम-सीलनं डाव्या बाजूला चिकटवलेला, आणि त्याची एक कपची सुटून आत फिरत होती. खोकं खरं, बटणं खरी, खालचा सिरियल नंबरचा स्टिकर खरवडलेला. मेलेल्या मॉड्यूलचं नुसतं कवच. चालणारं मॉड्यूल त्याच्याकडेच राहिलं, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. पॅड सगळे माझ्याकडे आहेत, पण मॉड्यूलशिवाय पॅड म्हणजे नुसती जाळी. बिलाचा फोटो त्यानं आधी पाठवला होता, त्यावर नंबर होता. तो नंबर मॉड्यूल उलटं करून ताडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही बघा. आणि बघितल्यावर मार्करनं त्यावर स्वतःची खूण करा, ते स्वतःच्या पिशवीत स्वतः घाला. पैसे त्यानंतर.

तिसऱ्या दिवशी परत त्या घरी गेलो. कुलूप. घरमालक म्हणाला, महिन्याच्या बोलीवर दिलं होतं, कागद केला नाही. मी विचारलं, त्याची बायको कुठली? तर म्हणाला, "एकटाच हुता की ओ."

आता पोलिसांचं. आधी इथल्या आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर बसवलं. मग टेबलावरचा माणूस म्हणाला, "इदु नम्म लिमिट अल्ल री." म्हणजे हे आमच्या हद्दीत येत नाही. व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडे जा. माझं कन्नड कामापुरतं. मी मराठीत लिहून नेलेला अर्ज त्यानं हातात घेतला नाही, कन्नडमध्ये आणा म्हणाला. बाहेर एकाला शंभर रुपये देऊन लिहून घेतला, तर साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून हद्दीपलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथे मराठी बोलणारी माणसं, मला वाटलं ऐकून तरी घेतील. ऐकलं. मग विचारलं, आधारकार्ड कुठलं? बेळगाव. बँक कुठली? बेळगाव. "मग पैसे तिकडून गेले, तिकडंच द्या." मी म्हटलं, तीस हजार रोख तुमच्या हद्दीत दिले. तर म्हणाले, रोखीचा पुरावा काय? वस्तू बघून, वाजवून, ताब्यात घेतली ना? मग हा दिवाणी व्यवहार झाला. फरशीचा तुकडा मी टेबलावर ठेवला. फरशी ठेवून दिवाणी व्यवहार कसा होतो, हे कोणीतरी मला समजावून सांगावं. असे चार खाडे झाले. इकडे गेलो की तिकडचा, तिकडे गेलो की इकडचा. आमच्या सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. पण चोरानं ही रेघ आमच्यापेक्षा नीट ओळखलीय. इकडचं गिऱ्हाईक गाठायचं, तिकडे बोलावायचं, आणि मध्ये दोन राज्यं उभी करून निघून जायचं.

बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार, एवढंच उत्तर.

नंतर एका वकिलानं सांगितलं ते आधी माहीत असतं तर मी बाकावरून उठलो नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. 'लिमिट' हे कारण चालत नाही. ती खबर पुढे योग्य ठाण्याकडे पाठवणं त्यांचं काम. घेतली नाही तर तोच अर्ज वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला पोस्टानं पाठवायचा, त्याचीही तरतूद त्याच कलमात आहे. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८. अर्जात हे दोन्ही आकडे लिहून न्या. मी पाठवलाय पोस्टानं, पोचपावती जपून ठेवलीय. आणि फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी चौथ्या दिवशी केला. तोवर खात्यात काही राहिलं नव्हतं.

रोख देऊ नका. द्यायचीच तर त्याच्या हातानं कागदावर लिहून घ्या, आधार बघून. भाड्याच्या घरात सौदा करत असाल तर घरमालकाला आधी भेटा. चहा नंतर.

परवा ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यानं त्याच ॲपवरची एक जाहिरात दाखवली. रोलँड टीडी-०७, ५६,०००, नाव वेगळं, नंबर वेगळा, गाव निपाणीच्या बाजूचं. फोटो तोच. मागे हिरवा पडदा, आणि डावीकडच्या टॉमच्या कडेला पांढरी चिकटपट्टी. मी आतल्या खोलीत जाऊन बघितलं. तो टॉम माझ्या घरात आहे, पट्टीचं टोक तसंच उचललेलं. जाहिरातीचा फोटो, तारीख-वेळ सगळं काढून दोन्ही ठाण्यांना पाठवलंय. ती जाहिरात आज सकाळपर्यंत चालू होती.