खोल समुद्रातल्या बोअरचं तापमान : एक्सेल, टीपी-फिट की स्वतःचा कोड?

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे, आणि शेजारची भूशास्त्राची एम.एस्सी. करणारी मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या घरी. स्क्रीनवर समुद्रतळाखालच्या गाळाचं तापमान : पाच अंश आणि काहीतरी. “काका, हे खरं किती धरायचं? गाईड म्हणतात पद्धत तूच ठरव.” प्रबंधाला महिना उरलेला. तिच्यासारखे आणखी कुणी या पेचात असतील, म्हणून हे लिहितोय.

आधी नोंद कशी होते ते बघू. पिस्टन कोअरर म्हणजे गाळात घुसवून त्याचा उभा नमुना (कोअर) काढणारा पाइप. त्याच्या तोंडाशी जो कापणारा बूट, म्हणजे धारदार कडं, असतो, त्याच्या भिंतीतल्या पोकळीत एपीसीटी-३ हे तापमान नोंदवणारं उपकरण बसवतात. बूट गाळात घुसताना घर्षणानं तापतो, मग निवत जातो. दहा मिनिटं तसाच ठेवून वर ओढतात, कारण हलत्या जहाजावरून पाइप गाळात रुतवून फार वेळ थांबण्यात जोखीम असते. म्हणजे गाळाचं मूळ तापमान कुणी मोजतच नाही. नुकता उतरवलेला तवा दहा मिनिटं निवताना पाहायचा आणि त्यावरून खोलीचं तापमान सांगायचं, तसला हा प्रकार. तिन्ही पद्धतींमध्ये फरक पडतो तो ‘सांगायचं कसं’ यात.

एक्सेलमधली पद्धत म्हणजे सगळे ‘वन बाय टी’ म्हणतात ती. आडव्या अक्षावर १/वेळ, उभ्यावर तापमान. शेवटचे बिंदू सरळ रेषेत आले की ती रेषा १/वेळ शून्य होईपर्यंत, म्हणजे अनंत काळ निवल्यावरच्या तापमानापर्यंत, वाढवायची. फुकट, अर्ध्या तासात होणारी, आणि तोंडी परीक्षेत फळ्यावर समजावता येणारी. पण त्या रेषेला एक अट आहे, आणि मुलं नेमकी तीच विसरतात. उपकरणाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले गाळाची उष्णता-विसरणशीलता (उष्णता गाळातून किती झटपट पसरते ते माप), एवढा काळ उलटून बराच वेळ गेलेला असला पाहिजे. गाळाची विसरणशीलता सेकंदाला साधारण ०.३ चौरस मिलिमीटर धरा. चार मिलिमीटर त्रिज्येच्या बारीक सळईसाठी उत्तर येतं ५३ सेकंद. तिथं दहा मिनिटं भरपूर झाली. पण कोअरच ६.२ सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे बुटाची बाहेरची त्रिज्या ढोबळमानानं चार सेंटिमीटर धरावी लागते. मग काळ येतो जवळजवळ दीड तास! बूट पोकळ आहे, तेव्हा हा हिशेब काटेकोर नाही, पण दहा मिनिटं आणि दीड तास यातलं अंतर त्यानं मिटत नाही. रेषा सरळ दिसते, म्हणून ती खरी ठरत नाही.

चूक किती महागात पडते तेही पाहा. समजा समुद्रतळाचं पाणी २ अंश, ६० मीटर खाली ५ अंश, आणि गाळाची उष्णतावाहकता १ वॅट प्रति मीटर प्रति अंश. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्णताप्रवाह आला चौरस मीटरला ५० मिलिवॅट. पाचच्या जागी ५.३ काढलेत तर तोच ५५. दहा टक्के गेले.

टीपी-फिट या आज्ञावलीला ही अडचण येत नाही. मार्टिन हेसेमान आणि हाइनरिश फिलिंगर यांच्या गटानं ती २००६ च्या सुमारास पुढे आणली. बुटाचा खरा आकार धरून संगणकावर काढलेले निवण्याचे वक्र तिच्यात आधीच साठवलेले असतात. तुमची नोंद त्यांच्यावर बसवली जाते. घुसण्याचा क्षण किंचित पुढेमागे सरकवण्याची सोय आहे. मला सर्वात आवडतं ते हे की वाहकता आणि उष्माधारकता बदलली तर उत्तर किती हलतं, तेही समोर दिसतं. परीक्षक नेमकं तेच विचारतात. अडचण एकच, मॅटलॅब हे विकतचं गणिती सॉफ्टवेअर लागतं. कॉलेजकडे परवाना आहे का ते आजच विचारा, सबमिशनच्या आठवड्यात नको.

स्वतःचा पायथन कोड? हौस चांगली आहे. पण पोकळ बुटाचं मॉडेल संख्यात्मक पद्धतीनं बसवायला महिना पुरत नाही, आणि मग शेवटी कोडच्या आत वन बाय टीच सापडतं. गादी तीच, चादर तेवढी नवी. पीएच.डी. असेल तर जरूर करा.

जाता जाता हॉर्नर आलेखाबद्दल, म्हणजे विहीर खणताना बिघडलेलं तापमान हळूहळू मूळपदावर येतं त्यावरून मूळ तापमान काढायची रीत. तेल-विहिरींच्या पुस्तकात तो भेटतो, म्हणून काही जण विवरात केबलनं घेतलेल्या तापमान-लॉगला, म्हणजे खोलीनुसार घेतलेल्या सलग नोंदीला, लावतात. त्याला एकाच खोलीवर वेगवेगळ्या वेळी घेतलेली मापं लागतात. गार समुद्रपाण्यानं नुकत्याच धुतलेल्या विवराच्या एकाच लॉगवर तो चालत नाही.

सरावाला आपल्या बाजूचा समुद्र हवा असेल तर २०१५ ची एक्सपिडिशन ३५५ ही बोअर घेण्याची मोहीम बघा. जॉइडिस रेझोल्यूशन जहाजानं अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरहून जास्त पाण्याखाली बोअर घेतले होते. त्याचे अहवाल खुले आहेत.

माझं मत विचाराल तर एम.एस्सी.ला टीपी-फिट घ्या, आणि वन बाय टी त्याच नोंदीवर पडताळा म्हणून ठेवा. दोन्ही उत्तरांत जास्त तफावत आली तर आधी नोंद तपासा, पद्धत नंतर. खोलीनुसार वाहकता बदलते, म्हणून शेवटचा आलेख नुसत्या खोलीवर काढू नका. थरांचा उष्णता-रोध (जाडी भागिले वाहकता) बेरजेत घेऊन त्यावर काढा.

त्या दुपारी आम्ही तिच्या चारही नोंदी मोठ्या करून पाहिल्या. तिसरीत सहाव्या मिनिटाला वक्र निवता निवता टुणकन वर उडाला होता. पाइप हलला, बूट पुन्हा घासला, पुन्हा तापला. एक्सेलनं त्यावरूनही सरळ रेषा काढून दिली होती, चांगली ०.९८ च्या आर-स्क्वेअरची (१ म्हणजे रेषा तंतोतंत बसली). ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे माझ्याकडं तीनच बिंदू राहिले की.”

“तीनच,” म्हटलं, आणि ताकाचा पेला तिच्यापुढं सरकवला.