'अननोन प्लेझर्स'ची 'पहिली छपाई' आणि माझे २८० पौंड

मँचेस्टरला नोकरीसाठी आल्यापासून जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची मूळ रेकॉर्ड घ्यायचं मनात होतं. 'अननोन प्लेझर्स' फॅक्टरी रेकॉर्ड्सनं जून १९७९ मध्ये काढला, सुरुवातीला फक्त दहा हजार प्रती. रेकॉर्डिंग झालं ते इथे शेजारीच, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत. अकरा महिन्यांनी गायक इयन कर्टिस गेला, अवघ्या २३व्या वर्षी. त्याच्या हयातीत छापलेली तबकडी आपल्या हातात असावी, एवढीच माझी इच्छा.

ऑनलाइन जाहिरात दिसली: 'वडिलांचा संग्रह, घर रिकामं करतोय.' पाच फोटो. एकात तर शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्टीवर हातानं कोरलेली अक्षरंसुद्धा. विकणारा म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. कमिशन वाचवायला पैसे 'मित्र-नातेवाईक' या पर्यायातून पाठवा. मी पाठवले. या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी पार्सल आलं. कव्हरवरून बोट फिरवलं आणि पोटात गोळाच आला. मूळ कव्हरला पोत असतो, जाड कापडासारखा बोटांना जाणवतो. हे गुळगुळीत होतं. कव्हरचा डिझायनर पीटर सॅव्हिलनं काळ्यावर पांढऱ्या घेतलेल्या त्या पल्सारच्या, म्हणजे एका फिरत्या ताऱ्याच्या रेडिओ लहरींच्या, रेषा मुळात किती धारदार आहेत! इथे त्या करड्या आणि फिसकटलेल्या, स्कॅन करून छापलेल्या. मागच्या कोपऱ्यात थोड्या वेगळ्या काळ्या रंगाचा चौकोन होता. नव्या आवृत्तीचा बारकोड तिथे झाकला होता. १९७९च्या मूळ कव्हरवर तो नाहीच. तबकडीच्या पट्टीवर कोरलेलं एक अक्षरही नव्हतं.

विकणाऱ्याचं खातं बंद. पैसे पाठवणाऱ्या कंपनीनं सांगितलं, तुम्ही स्वतःहून ओळखीच्या माणसाला पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. फार वाईट वाटलं. पैशांचं तर वाटलंच, पण त्यानं वडिलांचं नाव सांगून विश्वास मिळवला, याचं जास्त.

काल वेगळ्या नावानं तेच पाच फोटो पुन्हा दिसले. टेबलावर चहाच्या कपाचा तोच गोल डाग. किंमत आता २६०. कुणी बोलणी करत असाल तर पैसे देण्याआधी कोरलेल्या अक्षरांचा ताजा फोटो मागा, शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला. मी दुसऱ्या खात्यावरून मागितला. दहा मिनिटांत त्यानं मला ब्लॉक केलं.