डिप्रेशन: गोळी, थेरपी की दोन्ही?

ताईला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तेव्हा घरात दोन तट पडले, एकाचं म्हणणं सवय लागेल, दुसऱ्याचं म्हणणं अजून वाट कशाला बघायची, मग मी रिसर्च वाचायला बसले. तुम्हीही अशाच पेचात असाल तर मला काय सापडलं ते सांगते.

आधी गोळ्या. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये सिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा मोठा आढावा आला, ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर पेशंट, २१ औषधं. सगळीच औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली, पण सरासरी फरक बेताचाच, आणि बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्या, लोक मात्र गोळ्या महिनोन्महिने घेतात. या आढाव्यात न छापलेला डेटाही शोधून घेतलाय हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण २००८ मध्ये टर्नर या संशोधकांनी दाखवलं होतं की अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेल्या ७४ चाचण्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश छापल्याच नव्हत्या. छापलेलं वाचलं तर ९४% चाचण्या यशस्वी वाटतात, एफडीएच्या हिशेबात फक्त ५१%. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा, दुसरं काय म्हणणार!

थेरपीत सर्वात जास्त अभ्यास सीबीटीचा, म्हणजे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, झालाय. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ती आणि गोळी साधारण सारख्याच, सहा महिने ते वर्षानंतर बघितलं तर सीबीटी थोडी पुढे. पण थेरपी घेतोय हे पेशंटला माहीत असतंच, त्यामुळे प्लासिबोसारखी तुलना नीट जमत नाही. शिवाय जो माणूस अंथरुणातून उठत नाही तो थेरपिस्टने दिलेला गृहपाठ कधी करणार? तीव्र डिप्रेशनमध्ये दोन्ही एकत्र हाच पर्याय मला पटतो, आकडेही एकट्या गोळीपेक्षा जोडीच्या बाजूने आहेत. सौम्य असेल तर आधी थेरपी.

गोळी कोणती, हे बरंचसं साइड इफेक्टवर ठरतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन परिणामात वरच्या नंबरला, पण तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, ओव्हरडोस झाला तर हृदयाला धोका. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन बऱ्याच जणांना झेपतात, मात्र मळमळ आणि सेक्सच्या तक्रारी होऊ शकतात, त्या डॉक्टरांना न लाजता सांगा. झोप आणि भूक उडाली असेल तर मिर्टाझापिन, फक्त वजन वाढतं.

बंद करणं हा वेगळाच विषय. ताईने बरं वाटतंय म्हणून व्हेन्लाफॅक्सिन तीन दिवस घेतलीच नाही, तर नुसती मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, भिंत धरून चालायची. हे व्यसन नव्हे, पण डोस हळूहळूच कमी करायचा असतो. २०२१ च्या अँटलर चाचणीत बरेच महिने गोळी घेऊन बरे वाटणारे लोक होते, गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९% आणि हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६% लोकांना वर्षभरात पुन्हा डिप्रेशनचा त्रास झाला. म्हणजे बंद करून ठीक राहिलेलेही बरेच आहेत.

वय २५ च्या आत असेल तर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवा, त्या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात अशी एफडीएची ठळक सूचना आहे. तसं काही जाणवलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.