हातात मावणारा पीएम २.५ मीटर: आठ महिने वापरून झाल्यावर

बाबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आणि लेकीला दमा, त्यामुळे हवा बिघडली की आमच्या घरात लगेच कळतं, एकाचा खोकला थांबतो न थांबतो तोच दुसरीची छाती वाजायला लागते. आधी मी मोबाईलवर अ‍ॅपमध्ये आकडा बघायचे पण तो आकडा देणारं हवा मोजायचं स्टेशन लांब आणि आमचं घर ऐन मोठ्या रस्त्याला लागून, तिकडे हवा बरी दिसायची आणि इकडे बाबांना धाप लागलेली असायची. शेवटी हा मीटर घेतला.

आत बारीक पंखा हवा ओढतो, कणांवर पडून लेझरचा उजेड किती विखुरतो त्यावरून यंत्र आकडा काढतं. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, आपल्या केसापेक्षा वीस-तीस पट बारीक, नाकात अडकतच नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. घेतल्या घेतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बंद करा आणि मायक्रोग्रॅम (एका घनमीटर हवेत किती वजनाचे कण) चालू करा, कारण एक्यूआयची पट्टी देशागणिक बदलते, तीच हवा एकीकडे पिवळी आणि दुसरीकडे लाल. मायक्रोग्रॅममध्ये ताडून बघणं सोपं, डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीला १५ आणि वर्षाच्या सरासरीला ५ अशी पातळी सांगितलीय.

खरा उपयोग झाला तो बाबांच्या फिरण्याला. पहाटेची हवा शुद्ध असं आपण सगळेच धरून चालतो ना, बाबा तर वर्षानुवर्षं सहाला घराबाहेर. थंडीत आठवडाभर मीटर त्यांच्या खिशात दिला तर पहाटे १४०-१५० आणि दुपारी चारला तोच रस्ता ४५! (धुकं नसलेल्या दिवसांचेच आकडे आहेत हे, का ते खाली सांगते.) थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरच्या उबदार हवेखाली कोंडून राहते, धूर वर जातच नाही, ऊन तापलं की मोकळा होतो. बाबांनी वेळ बदलली, मोठा रस्ता सोडून मागची गल्ली धरली. आता श्वासाचा पंप (इनहेलर) कमी लागतो, पण डॉक्टरांनी औषधही त्याच सुमाराला बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मीटरला देणार नाही.

आता दोष. दमट हवेत हा फसतो. एकदा अंघोळीची वाफ बाथरूमबाहेर आली आणि आकडा ३०० च्या वर, मी घाबरून खिडक्या उघडत सुटले. पाण्याचे थेंबही त्याला कणच वाटतात, म्हणून धुक्यातला आकडा मी धरतच नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर, आणि खोक्यावर कुठेही लिहिलेला नाही. हा गॅस मोजत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी लेक खेळून आली ती छाती धरूनच, मीटरवर २०, हिरवा दिवा, मी म्हटलं हवा तर चांगलीये, बस जरा. पंप द्यायला दहा मिनिटं उशीर केला मी. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, दम्याच्या पोरांना तो फार लागतो, आणि नायट्रोजन डायऑक्साइडचंही तेच, या यंत्राला दोन्ही दिसत नाहीत. तेव्हापासून उन्हाळ्यात अ‍ॅपवर ओझोन वेगळा बघते आणि छाती वाजली की मीटरकडे न बघता आधी पंप.

बॅटरी चारेक तास टिकते, पंख्याच्या जाळीवर धूळ बसते, मऊ ब्रशने झटकली की झालं. घरात दम्याचं, सीओपीडीचं किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस असेल आणि बाहेर कधी जायचं, खिडकी कधी उघडायची एवढंच ठरवायचं असेल तर जरूर घ्या. ५ पैकी ३.५, तो हिरवा दिवा काढून टाकला असता तर ४ दिले असते.